दिएम बाई उत्तर देतात

अर्धांगाचा झटका आल्यापासून दिएम बाईंच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मुलगी खुए पेज भरवायची, "आई, आणखी एक घास," म्हणून विनवायची. बाई नुसत्या बघत राहायच्या.

शिक्षकदिनाला दोन जुने विद्यार्थी आले. ह्युए शहरातल्या शाळेत बाईंनी आधी फ्रेंच शिकवलं होतं. देशाचे दिवस पालटले, फ्रेंचला कुणी विचारेना, तेव्हा त्या स्वतः रशियन शिकल्या आणि ती शिकवू लागल्या.

"आई बोलत नाही," खुएने दारातच सांगितलं. "ओळखते की नाही, देव जाणे. वाईट वाटून घेऊ नका."

फ्रेंचच्या वर्गातले, आता सत्तरीचे लामकाका आत गेले. काठी भिंतीला टेकवून त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि शाळेतल्यासारखे ताठ उभे राहिले.

"बाँजूर, मादाम."

बाईंची मान वर आली. "आसेये-वू."

बसा, म्हणाल्या होत्या. लामकाका मटकन खुर्चीत बसले.

खुएचा कानांवर विश्वास बसेना. "सहज निघालं असेल तोंडून," ती पुटपुटली.

रशियनच्या वर्गातली बिच पुढे झाली. हातातली फुलं बाजूला ठेवून तिने अदबीने मान लववली. "झ्द्रास्तवुयत्ये."

"सादीत्येस," बाई म्हणाल्या. म्हणजे पुन्हा 'बसा'च. तोच जरबेचा, स्वच्छ आवाज.

खुए आईच्या जवळ सरकली. कुठल्या खोल जागी हे शब्द शाबूत राहिले होते? "आणि मी इतके महिने आई आई करत बसलेय," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या तर त्या वर्गशिक्षिका होत्या ना?" बिचने विचारलं. "तिथे काय म्हणायचीस?"

वर्गात 'आई' म्हणायची सोय नव्हती. खुएने छातीशी हातांची घडी घातली, वाकली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "नमस्कार, बाई."

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बस," त्या म्हणाल्या.

खुए तिथेच जमिनीवर बसली.

"आम्हाला 'बसा', तुला 'बस'," लामकाका डोळे पुसत म्हणाले. "घरची म्हणून हो."

मग रोज सकाळी खुए हातांची घडी घालून उभी राहू लागली. नव्या वर्षाच्या सणापर्यंत 'बस'च्या जोडीला 'नको' आलं, 'गरम आहे' आलं. 'खुए' म्हणायला मात्र उन्हाळा उजाडला.