एका टाक्याचा टाय

मी टाय. मरून रंगाचा, आणि त्यावर वाटाण्याएवढे पिवळे ठिपके. खोटं कशाला बोलू, मी भडकच आहे. दुकानात माझ्या शेजारचे निळे, राखाडी टाय भराभर विकले गेले आणि मी आपला चार महिने तिथेच लटकलेला. लोक मला गळ्याशी धरायचे, आरशात बघून हसायचे आणि परत अडकवायचे.

एक दिवस मालकीणबाई आल्या. सोबत मालक. मालकांना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी मला दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि विचारलं, "कसा आहे गं?"

"आगाऊ आहे," बाई म्हणाल्या.

"मग घेऊ या."

झालं! तेव्हापासून अकरा वर्षं मी त्यांच्या घरी आहे.

मालक एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर. तळमजल्यावरच्या खोलीत बसून दिवसभर फोन जोडायचे. तिथे त्यांना बघणार कोण? पण टाय घातल्याशिवाय गडी घराबाहेर पडत नसे. म्हणायचे, "टाय असला की आवाज ताठ बसतो."

आता ज्याला दिसत नाही, तो शर्टावर टाय निवडणार कसा? ती युक्ती बाईंची. "शर्ट बडबड्या असला तर टाय गप्प हवा," असं त्यांचं म्हणणं. "दोघंही बडबडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?" म्हणून प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत आणि प्रत्येक टायच्या पाठीवर त्या जाड दोऱ्याने टाके घालायच्या. साध्या शर्टाला एक टाका, चौकड्यांच्या शर्टाला दोन, रेघांच्या शर्टाला तीन. माझ्या पाठीवर एकच टाका, म्हणजे माझी सोयरीक फक्त साध्या शर्टांशी. मालक सकाळी कॉलर चाचपायचे, मग आमच्या पाठी चाचपायचे आणि जोडी जमवायचे. कधी म्हणून चूक नाही.

मागच्या वर्षी बाईंनी एक नवा शर्ट आणला. सकाळी मालकांनी कॉलरीतला टाका मोजला. एक. त्यांनी मला उचलून गळ्यात बांधलं आणि मी हादरलोच. शर्ट चौकड्यांचा होता! विटकरी आणि हिरव्या बारीक चौकड्या, त्यावर मी आणि माझे पिवळे ठिपके. आम्ही दोघं एकाच वेळी केकाटत होतो. मला वाटलं, आता बाई कपाळावर हात मारतील. त्यांनी दारात मला नीट सरळ केलं आणि म्हणाल्या, "छान दिसताय."

बसमध्ये लोक बघत होते. कुणी चकार शब्द काढला नाही. हॉटेलात दारावरचा वॉचमनसुद्धा नुसता सलाम ठोकून मोकळा झाला. रिसेप्शनवरच्या मुलीला मात्र राहवलं नाही.

"काका, हे काय! चौकड्यांवर ठिपके? काकू रुसल्यात का?"

मालक हसले. मग एकदम थांबले. "चौकड्या कुठल्या? साधा शर्ट आहे तो."

"अहो काका, चांगल्या ढळढळीत चौकड्या आहेत."

त्या दिवशी मालकांनी दोन फोन भलत्याच खोल्यांत जोडले. मधूनमधून त्यांचा हात माझ्या पाठीवरच्या टाक्याकडे जायचा. काय चाललंय त्यांच्या मनात, ते मला कळत होतं. घरी हल्ली चहा कपाबाहेर सांडायला लागला होता. बाई पूर्वी रोज पेपर वाचून दाखवायच्या. आता "आज काही विशेष नाही त्यात," म्हणून घडी घालून ठेवायच्या.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "काय म्हणाले ऑफिसात?"

"छान दिसतोय म्हणाले," मालक म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला!

पण तीन दिवसांनी, रविवारी, त्यांनी तो शर्ट बाईंच्या मांडीवर ठेवला. "हा कसला आहे गं?"

"साधा. विटकरी."

"चौकड्यांचा आहे."

बाईंनी शर्ट अगदी डोळ्यांशी नेला. मग म्हणाल्या, "इथे उजेड कमी आहे."

"किती दिवस कमी आहे?"

तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. "वर्ष झालं. अहो, या घरात बघणारी मी एकटी. माझंही गेलं तर तुमचं कसं होणार? म्हणून बोलले नाही."

"माझं काय व्हायचंय? मी आहे तसाच राहणार. उद्या डॉक्टरकडे जायचं."

मोतीबिंदू निघाला, तोही चांगला पिकलेला. डॉक्टर रागावले. इतका उशीर केल्यावर किती दिसेल ते ऑपरेशननंतर पट्टी काढल्यावरच कळेल, असं म्हणाले.

पट्टी काढायच्या दिवशी मालकांनी कपाट उघडलं, तोच शर्ट काढला आणि मला हाक मारल्यासारखा त्यांचा हात थेट माझ्यावर आला. सोबतीला आलेली रिसेप्शनवरची मुलगी कळवळून म्हणाली, "काका, आज तरी हे नको!"

"आजच हवं."

डॉक्टरांनी पट्टी काढली. "दिसतंय का?"

"हो, दिसतंय की," बाई चटकन म्हणाल्या.

मालक जागचे हलले नाहीत. हे असलं "दिसतंय" ते वर्षभर ऐकत आले होते. त्यांनी माझं टोक मुठीत धरलं होतं आणि त्यांच्या घामाने मी ओला झालो होतो. मीही कधी नव्हे ते देवाची करुणा भाकत होतो.

बाईंनी डोळे मिचकावले. मान वळवली.

"अगंबाई! हे काय घालून आलात? चौकड्यांवर ठिपके! आणि असे भर रस्त्याने आलात? लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

मालकांच्या मुठीतून माझं टोक सुटलं. रडत होते की हसत होते, देव जाणे.

"ओरड," ते म्हणाले. "अजून ओरड गं."

बाई ओरडल्या, मग रडल्या, आणि रडता रडता त्यांनी मला मालकांच्या गळ्यातून ओढून काढून पर्समध्ये कोंबलं.

आता माझे ठिपके विटलेत, कडाही झिजल्यात. फार दिवस राहिले नाहीत माझे. जाता जाता एवढंच सांगतो. रस्त्यात कुणी असा विजोड टाय घालून चाललेला दिसला, तर भिडेपोटी गप्प बसू नका हो. त्या मुलीसारखं तोंडावर सांगून टाका.