घरी नेता येणार नाही

पिवळ्या चिठ्ठीचं टोक पुस्तकातून बोटभर बाहेर आलेलं, आणि त्यावर ते गोल, शाळकरी अक्षर — 'हर्षाली, एकेचाळिसाव्या पानापर्यंत दम धर. तरी कंटाळलीस तर माझं नाव बदल.' नाव बदल म्हणे! प्रतिभाने लेकीच्या उशाशी पडलेलं ते पुस्तक उचलून पाहिलं आणि जसं होतं तसंच, त्याच तिरकेपणाने परत ठेवलं... स्वतःच्या घरात चोरासारखं वागायची वेळ आली, आणि ती कुणामुळे, तर चार महिन्यांपूर्वी कळवणहून वाचनालयात लागलेल्या, आपल्याच हाताखालच्या सुवर्णामुळे.

चौदा वर्षं वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर 'कुमारांसाठी नवे' प्रतिभाच लिहीत आली होती. नाव, पानं, आणि खाली एक ओळ — 'ही सुंदर कादंबरी कुमारांना नक्की आवडेल.' मलपृष्ठ पाहिलं की झालं. एवढाले गठ्ठे येतात, वाचत कोण बसणार? ही सुवर्णा बसते. वाचते, चिठ्ठ्या खोचते, आणि नववी-दहावीच्या पोरी फळ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ तिच्या टेबलाशी गर्दी करतात. परवा जेवताना हर्षाली भाजीला 'लय भारी' म्हणाली. शहरात, गंगापूर रोडवर वाढलेली पोर! 'खूप छान म्हणावं,' असं प्रतिभा म्हणाली खरी, पण जळत होतं ते निराळंच. जळत होतंच — उगाच का नाकारायचं?

वाचनालयात पोचली तर सुवर्णा नवी कादंबरी हातात घेऊन उभी. निळं मुखपृष्ठ, सायकलवरची मुलगी.

"ताई, रविवारी एका बैठकीत संपवली. हर्षालीला लय आवडंल ही. आज देते तिला."

"आधी नोंद व्हायचीय. दे इकडे."

नोंद केली. मग हात आपसूक दुसऱ्या शिक्क्याकडे गेला. संदर्भ — घरी नेता येणार नाही. जांभळी शाई पानावर फुटली तेव्हाच तिला आपली लाज वाटली. शब्दकोश आणि गॅझेटियरच्या रांगेत सायकलवरची मुलगी! पण शिक्का एकदा बसला की बसला. सुवर्णाने तो पाहिला आणि पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते.

चारला शाळा सुटल्यावर हर्षाली आली आणि आईचं टेबल ओलांडून सुवर्णाकडे गेली.

"घरी नाही न्यायची गं," सुवर्णा पुस्तक तिच्या हातात देत म्हणाली. " इथंच बसून वाच."

पोरीने शिक्का पाहिला. मग आईकडे पाहिलं. मग समोरच्याच बाकावर बसली, आणि प्रतिभाला मेलं बरंच वाटलं — निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी वाचतेय. वेणीचं टोक तसंच चावत... मांडीवर बसून ऐकायची तेव्हाही चावायची. राक्षसाचा आवाज काढ ना आई, म्हातारीचा काढ ना... मी काढायचे. सगळे आवाज काढायचे. मग एक दिवस कुकरची शिट्टी होत होती आणि मी म्हटलं, आता मोठी झालीस, तुझं तू वाच. मीच म्हटलं. सुवर्णा तर तेव्हा कळवणला शाळेत असेल.

तेवढ्यात हर्षाली खुदकन हसली. हसून तिने मान वर केली — सुवर्णाकडे. सुवर्णाही हसली. आली वाटतं पुस्तकातली कोणती तरी जागा. दोघींना ठाऊक असलेली.

साडेपाचला पोर पुस्तकात बोट घालून टेबलाशी आली.

"आई, तू वाचलंयस हे?"

"हो तर."

"मग ती शेवटी आईकडे परत जाते?"

प्रतिभाने शाईच्या डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. पोर नजर हलवत नव्हती. तिला कळत होतं सगळं, केव्हापासून कोण जाणे...

"शेवट कुणी सांगतं का गं?" सुवर्णा पलीकडून म्हणाली. "ताई नाहीच सांगायच्या."

सांभाळून घेतलं. हिने, मला! चिडायला हवं होतं. कानशिलं तापली, पण राग काही येईना.

हर्षाली पुस्तक ठेवून क्लासला गेली. सुवर्णा सहाची कळवणची गाडी गाठायला निघाली, 'येते ताई' म्हणाली. संदर्भाच्या कपाटाला कुलूप लावायचं राहिलं होतं. प्रतिभाने ते निळं पुस्तक बाहेर काढलं. शिक्का तिचाच; घरी नेता येणार नव्हतं. तिथेच बाकावर, लेकीच्या जागेवर ती बसली, आणि पहिलं पान काढण्याआधी नकळत सगळी पानं अंगठ्याखालून सरसर सोडून पाहिली... मग तिच्या लक्षात आलं, आपण चिठ्ठी शोधतोय. हर्षालीच्या नावाची नव्हे. 'प्रतिभाताई, एवढ्या पानापर्यंत दम धरा' — अशी. आजवर तिच्यासाठी निवडून कुणी एक पुस्तकही दिलं नव्हतं. पुस्तकात चिठ्ठी नव्हती. एकेचाळीस पानं तरी वाचू, म्हणून तिने चष्मा पुसला.