छातीचं माप

हवालदाराने म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातीभोवती टेप फिरवला, आकडा पाहिला आणि टेप झटकन सोडून दिला.

"किती?" जाळीपलीकडून शिंपीण मावशींनी विचारलं. कानामागची पेन्सिल काढून त्या तयारच होत्या.

"अठ्ठावीस."

होते एकतीस. पण ते बघायला आत येणार कोण? पोलिसांच्या कुत्र्याला त्याच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा पथकाचा नियमच होता. हवालदार सांगेल ते माप खरं. मावशींनी अठ्ठावीस इंच लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

गेल्या वर्षी पथकातला एक कुत्रा चाकूचे वार होऊन मेला, तेव्हापासून चौकातली माणसं हळहळत होती. कुत्र्यांना जॅकेटं शिवायची ठरलं: दुकानदारांनी चाकूला दाद न देणारे पातळ पत्रे आणून दिले, चांभाराने पट्टे दिले आणि शिलाई मावशींनी अंगावर घेतली. पहिलं जॅकेट सगळ्यांत जुन्या कुत्र्याला, असा त्यांचाच आग्रह. भली माणसं! त्यांना काय ठाऊक, की जॅकेट यायच्या आधीच साहेबांनी हुकूम काढला होता: ज्याच्या अंगात जॅकेट, तो धाडीत पहिला आत.

म्हातारा नऊ वर्षांचा होता. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, जिना चढताना मागचे पाय थरथरायचे. निवृत्तीला दोन महिने उरले होते, म्हणून अलीकडे त्याला बाहेर पहाऱ्यालाच ठेवत. घरी हवालदाराच्या बायकोने स्वयंपाकघराच्या दाराशी त्याच्यासाठी जुनी गादी घालूनही ठेवली होती. एवढे दोन महिने निभावले की झालं, इतकंच हवालदाराच्या मनात होतं. दुसऱ्या कुणाचं वाईट त्याने चिंतलं नव्हतं.

जॅकेट आलं. म्हाताऱ्याच्या पोटाखाली पट्टा काही केल्या पुरेना.

"अरे, ओढतोस काय असा? गुदमरेल तो!" शेजारच्या पिंजऱ्यातून रेडिओ ओरडला. हा हवालदाराचा जोडीदार. तोंडाला दिवसभर विश्रांती नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. "आण इकडे. माझ्या पोरीला बघू."

त्याची पोरगी म्हणजे दोन वर्षांची कुत्री. तिला जॅकेट असं चपखल बसलं की रेडिओ हरखूनच गेला.

"ऐट बघ बयेची! तुझ्या म्हाताऱ्याचं नशीब फुटकं, आणि माझ्या पोरीचं फळफळलं!"

हुकूम रेडिओलाही माहीत होता. पण एवढं भक्कम जॅकेट अंगावर असताना भीती कसली, असं त्याला वाटलं.

"असू दे तिलाच," हवालदार म्हणाला.

नवव्या दिवशी एका गोदामात चोर दडून बसला होता. पोरगी पहिली आत गेली. जॅकेटचा एक टाका उसवला नाही. घाव जॅकेटच्या वर, मानेवर बसला होता.

त्यानंतर रेडिओ गप्प झाला. रिकाम्या पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचा. कुणी चहा आणून दिला तर प्यायचा, नाहीतर नाही. एकदाच तो हवालदाराला म्हणाला, "स्वतःच्या कुत्र्याच्या वाट्याचं तू तिला दिलंस. तुझे उपकार नाही विसरणार मी."

हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने मावशी आल्या. जॅकेट उलटसुलट करून त्यांनी सगळी शिवण बोटांनी चाचपली.

"मानेला झाकायला हवं होतं. मेलं सुचलंच नाही मला," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी वही उघडली. "आता म्हाताऱ्याचं नवीन करते, मानेसकट. सांगा माप."

हवालदार आत गेला. म्हातारा शेपटी हलवत सावकाश उठला. हवालदाराने टेप लावला आणि तो धरून तसाच बसून राहिला.

"अहो, किती?"

"एकतीस."

मावशींनी मागचं पान काढलं. "इथे तर अठ्ठावीस आहे. तीन इंच कसा वाढेल एवढ्यात? माझंच चुकलं असणार बाई. साठी उलटली, लक्ष कुठे असतं!"

स्टुलावर बसलेल्या रेडिओने मान वर केली.

मावशींनी दोष आपल्या अंगावर घेतलाच होता. हवालदाराने नुसता हुंकार भरला असता तरी सुटला असता.

"नाही मावशी. मी सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत. तेव्हाही एकतीसच होतं."

म्हातारा हवालदाराच्या खांद्याला डोकं घासत होता. रेडिओ उठून जाळीपाशी आला. हवालदाराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही; कुत्र्याकडे मात्र बराच वेळ पाहत राहिला.

"एकतीस लिहा, मावशी," तो म्हणाला. "नीट अंगासरसं शिवा. आता पहिला हाच जाणार."