विज्ञान शाखेला माझी संमती

त्या कागदावर सही मी केली. कुणी माझा हात धरला नव्हता. चष्मा लावून, पेन मागून घेऊन, ठसठशीत अक्षरात केली : चंपाबाई देवमन अंभोरे. शाळेतले नरेंद्र सर म्हणाले, "वा आजी, काय अक्षर आहे!" आणि मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच चीड येते.

मी एक्कावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. विहारात बायकांचा वर्ग लागायचा. शेतातल्या निंदणावरून आलं की तशाच मातीच्या पायांनी बसायचो. तेव्हापासून कुठेही अंगठा मागितला की मी म्हणते, पेन द्या. रेशनच्या दुकानात म्हणते, बँकेत म्हणते. दुकानदाराने कागद पुढे केला असता तर मी तो दोनदा वाचला असता. शाळेचा कागद मात्र वाचून बघायचा असतो, हे माझ्या मनातच आलं नाही. शाळा आपल्या भल्याचंच लिहिणार, असं आमच्या वस्तीत सगळेच धरून चालतात. ज्यांना शाळा मिळाली नाही, ते तर जास्तच.

पल्लवी माझी नात. तिचे आईबाप, म्हणजे माझा सतीश आणि सून, पुण्याकडे बांधकामावर असतात. पोर लहानपणापासून माझ्याजवळ. विहारात वंदना म्हणताना ती आठ वर्षांची असल्यापासून विचारायची, "आजी, ह्याचा अर्थ काय?" मी जन्मभर म्हणत आले, पण शब्दाशब्दाचा अर्थ मला कुठे ठाऊक! तिने एक वही केली. डाव्या पानावर गाथेची ओळ, उजव्या पानावर जो सांगेल त्याने सांगितलेला अर्थ. एकाच ओळीचे तीन अर्थ तीन माणसांनी सांगितलेले त्या वहीत आहेत. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिचं ठरलेलं होतं : कला शाखा आणि त्यात पाली, त्या गाथांची भाषा. आमच्या गावच्या शाळेला जोडूनच अकरावी-बारावी आहे आणि तिथे पाली शिकवतात.

अकरावीचा फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरतात. तो शाळेनेच भरून दिला, पल्लवीला न दाखवता. फॉर्म उघडायला मोबाइलवर आकडा येतो. सतीशचं सिम दर चार महिन्यांनी बदलतं, माझ्याकडे मोबाइल नाही, म्हणून नरेंद्र सरांनी स्वतःचा नंबर दिला. वस्तीतल्या आणि तांड्यावरच्या बहुतेक पोरांचं असंच. तेव्हा आम्हाला तो उपकार वाटला.

सही करून मी घरी आले आणि पल्लवीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सरांनी दिलेली झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. तिने वाचली. मग मला मोठ्याने वाचून दाखवली. "माझ्या पाल्यास विज्ञान शाखेत प्रवेश मिळावा यास माझी स्वखुशीने संमती आहे. शाखा बदलण्याची मागणी करणार नाही."

"आजी, तू वाचलं नाई?"

"सही कुठी करायची, थे त्यायनं बोटानं दाखवलं."

ती उठून भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

फॉर्म बदलायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. सकाळीच मी पोरीला घेऊन शाळेत गेले. ऑफिसच्या व्हरांड्यात तांड्यावरचा मदनसिंग बसला होता, दाखल्यासाठी. मी त्याला सगळं सांगितलं तर हसला.

"वा वो माय! आमी अंगठाबहाद्दर, तू सहीबहाद्दर. माह्या रंजीताचा कागद बी असाच झाला. अठ्ठेचाळीस टक्के हायेत तं शिवणाच्या कोर्सले पाठवा म्हने. तिले सुई हाती धरता येत नाई. मी म्हनलं, सर म्हनतात तं आसन बाप्पा."

"अन् तुले हासू येऊन राह्यलं?"

"मंग काय रडू?"

नरेंद्र सर आत होते. कॉम्प्युटरवर क्लार्क सुकेशनी मॅडम. मी म्हणाले, "सर, पोरीचा फॉर्म बदलायचा हाय. कला, पाली."

सरांनी आधी हसून घेतलं. "आजी, एक्क्याऐंशी टक्के पडलेत. अशा पोरीनं पाली घेऊन काय करायचं? आम्ही उगाच नाही सांगत. पंच्याहत्तरच्या वर विज्ञान, पन्नासच्या खाली आयटीआय नाही तर एखादा कोर्स. हे आमचं ठरलेलं आहे. तुमच्याच वस्तीतला राजपाल बी.ए. झाला. काय करतो? ऑटो चालवतो."

ते खरं होतं. राजपाल मेडशीपर्यंत ऑटो चालवतो.

"राजपाल ऑटो चालवते," मी म्हणाले. "अन् तुमी विज्ञानात बसवलेली रुचिका बारावीले दोनदा नापास झाली. थे माह्यासंगं निंदनाले राह्यते. तिचं नाव तुमच्या फळ्यावर काहून नाई?"

फळा दारासमोरच होता. त्यावर विज्ञानात पास झालेल्यांचे फोटो. सरांचं हसू गेलं.

"एखादं उदाहरण सगळीकडे असतं."

"मंग राजपालचं बी एखादंच धरा."

"आजी, तुम्हाला यातलं कळत नाही."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आहे. ज्यांनी ज्यांनी ते म्हटलं त्यांच्यापुढे मी गप्प बसले. त्या दिवशी नाही बसले.

"नाई कळत. म्हनूनच तुमच्यावर सोडलं व्हतं. तुमाले कळते ना? मंग पोरीले गणितात किती पडले, थे सांगा."

सर सुकेशनी मॅडमकडे बघू लागले. मॅडमनी गुणपत्रिका उघडली आणि हळूच म्हणाल्या, "त्रेचाळीस." सहा विषयांतले चांगले पाच धरून टक्के काढतात, त्यात गणित गळालं होतं. एक्क्याऐंशीच्या खाली ते झाकलं गेलं होतं. पल्लवीला ठाऊक होतं, मला तिने आदल्या रात्री सांगितलं होतं. सरांनी बघितलंच नव्हतं.

"त्रेचाळीसवाली पोरगी विज्ञानात कायले पाह्यजे तुमाले?"

 मॅडम कॉम्प्युटरकडेच बघत म्हणाल्या, "पल्लवीला सोडून अठ्ठावीस झालेत, आजी. चाळीस नाही भरले तर विज्ञानाची तुकडी बंद होईल."

"मॅडम!" सर ओरडले.

"मग काय सांगू, सर? त्यांची सही घेतली ना आपण."

म्हणजे पोरीचं भलं नव्हतं ते. बाकं भरायची होती. सरांनी ते सरळ सांगितलं असतं, की आजी, आमची तुकडी जाते, दोन मास्तरांच्या नोकऱ्या जातात, तर मी ऐकून तरी घेतलं असतं. पण त्यांनी माझ्या नातीच्या भविष्याचं नाव घेतलं आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

"वडिलांना विचारू," सर म्हणाले. त्यांना वाटलं, सतीश त्यांचंच ऐकेल. बरोबरच वाटलं. फोन लागला, मोठ्या आवाजावर ठेवला. मागे काँक्रीटच्या मिक्सर मशीनची घरघर होती.

"माय, सर शिकेल हायेत," सतीश म्हणाला. "तू कायले भांडून राह्यली?"

 पल्लवी पुढे झाली.

"बाबा, मले गणितात त्रेचाळीस हायेत. मी विज्ञानात नापास होईन."

"मंग काय पाह्यजे तुले?"

"पाली."

"त्यानं नोकरी लागन?"

"मले नाई माहीत." तिने खोटं सांगितलं नाही. "लागली तं शिकवीन. नाई लागली तं जे पडन थे करीन. पन एवढं तं मले आवडते म्हनून मी शिकीन."

 मग सतीश म्हणाला, "लिव्हा सर, पोरगी म्हनते थे."

सरांच्या मोबाइलवर आकडा आला. त्यांनी तो इतक्या घाईने वाचला की मॅडमना दोनदा विचारावा लागला. पडद्यावर पहिल्या पसंतीपुढे कला आलं. पल्लवीने वाकून स्वतः वाचलं आणि मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "पालीला तुला धरून पाच झाले. विषय राहील का नाही, सांगता येत नाही."

"बंद झाला तं तालुक्याले, मालेगावले पाहीन," पल्लवी म्हणाली.

सरांनी रजिस्टर ओढलं. पल्लवीच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं : शाळेच्या सल्ल्याविरुद्ध, पालकांच्या जबाबदारीवर. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"बरोबर लिव्हलं," मी म्हणाले. "जबाबदारी आमची. आता वरच्या विज्ञानाच्या अठ्ठावीस नावायपुढं लिव्हा, शाळेच्या जबाबदारीवर. त्याच पेनानं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "आजी, असं लिहिता येत नाही."

"काहून नाई?"

 तेवढ्यात व्हरांड्यातून हे सगळं ऐकलेला मदनसिंग दारात आला. आता तो हसत नव्हता. त्याने डोक्याचं पागोटं काढून काखेत धरलं, खुर्ची ओढली आणि सरांच्या समोर बसला.

"सर, माह्या रंजीताचा कागद काहाडा," तो म्हणाला. "काय लिव्हेल हाय, थे पह्यले वाचून दाखवा. हे बुढी ऐकून राह्यली हाय."