आईंची पांढरी रेघ

माझ्या सासूबाईंची गाडी दोन माणसांची आणि घरात माणसं तीन, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिच्यात कोणी बसायचं यावरून आमच्याकडे बारीकसारीक राजकारण चालतं. गाडी लाल, बुटकी, छप्पर मागे दुमडता येणारी, आणि माझ्या नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी तीस वर्षं तंत्रशाळेत मुलांना लेथ आणि फिटिंग शिकवलं. आता एकोणसत्तर वर्षांच्या आहेत, आणि कुणी पाना चुकीचा धरलेला त्यांना अजून बघवत नाही.

दरवर्षी गावाबाहेरच्या टेकडीवर जुन्या गाड्यांची शर्यत असते. एकेक गाडी खालून सुटते आणि वर पाण्याच्या टाकीपाशी वेळ मोजली जाते. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या मिळतात. आई एकवीस वर्षं न चुकता गेल्या. गेल्या वर्षी मात्र तपासनिसाने पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, ते पडायला आलेल्या दातासारखं हललं, आणि तो म्हणाला, "बाई, गाडी आता घरी ठेवा. तुम्हीही जरा आराम करा." पहिल्या वाक्याचं आईंना काही वाटलं नाही. दुसरं वाक्य त्यांना वर्षभर सलत राहिलं.

माझ्या नवऱ्याला आई सोन्या म्हणतात. हा सोन्या चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि विम्याच्या कचेरीत काम करतो, म्हणून त्याला जिकडे तिकडे धोका दिसतो. आईंनी दोनदा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला आणि एकदा किटली कोरडीच गॅसवर ठेवली, एवढ्या पुराव्यावर त्याने निदान करून टाकलं. "आईचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही," हे तो मला इतक्यांदा म्हणाला, की मलाही तसंच दिसायला लागलं. शेवटी मायलेकांचं ठरलं: यंदा गाडी तपासणीत पास झाली तर सोन्या पुन्हा हा विषय काढणार नाही, नाही झाली तर किल्ली त्याची आणि आईंचं गाडी चालवणं कायमचं बंद. नाव गाडीचं होतं, पण पणाला लागलं होतं आईंचं डोकं. हे तिघांनाही कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

मग तीन महिने आईंचा मुक्काम गाडीखाली. चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात असतात आणि त्यांच्या सांध्यांत रबराचे बुश असतात, आपल्या गुडघ्यातल्या कुर्चेसारखे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, त्यामुळे हे मला चटकन समजलं. जुने बुश निघाले तेव्हा हातात त्यांचा भुगा आला. खड्ड्यांचे धक्के झेलणारे चारही शॉकअब तेल गाळत होते, एक स्प्रिंग तळाशी मोडलेली होती. आईंनी बुश आणि चाकाजवळचे गोल सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, नवे घातले, स्प्रिंगा जरा आखूड घेतल्या, आणि शॉकअब मूळच्यापेक्षा वरच्या दर्जाचे, बटण फिरवून कडक-मऊ करता येणारे. आमच्या मोठ्या सर्जनसारख्या त्या न बघता हात पुढे करायच्या आणि मी पाना ठेवायची. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सासू-सून म्हणून आमचं इतकं कधीच जमलं नव्हतं.

बोल्टला शेवटचा पीळ देऊन झाला, की आई त्याच्या डोक्यावरून पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढत. रेघ म्हणजे काम संपलं, आता देवालाही हात लावायची परवानगी नाही, असं त्या म्हणायच्या.

शर्यत रविवारी होती. गुरुवारी संध्याकाळी आई डोळे तपासायला गेल्या होत्या आणि मी गॅरेज झाडायला गेले. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लोंबकळत होती. सहज खाली वाकून पाहिलं, तर त्या लोखंडी हातांचे सगळे मोठे बोल्ट ढिले. बोटांनी फिरत होते. रेघ एकावरही नाही.

आई विसरल्या, सोन्या म्हणत होता ते खरंच आहे, असं वाटलं. थिएटरमध्ये शेवटचा टाका पडण्याआधी आम्ही एकेक वस्तू मोजून घेतो. काही अर्धवट राहिलं तर मला चैन पडत नाही. आणि हे सोन्याने पाहिलं असतं तर सगळं तिथेच आटोपलं असतं. मी लांब दांड्याचा पाना घेतला, भिंतीला पाय लावून एकेक बोल्ट कचकचून आवळला. मग ब्रश शोधला आणि प्रत्येकावर पांढरी रेघ ओढली, अगदी आईंसारखी. आईंची लाज राखली म्हणून मी स्वतःवर खूश होते. कुणाला काही बोलले नाही.

शनिवारी दुपारी आईंनी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि जॅक उतरवला. गाडी नव्या स्प्रिंगांवर छान बसायला हवी होती. ती नाक वर करून उभीच राहिली, हवी त्यापेक्षा चार बोटं उंच. आईंनी तिच्यावर भार टाकून दाबलं, तरी ढिम्म. मग त्या टॉर्च घेऊन खाली सरकल्या.

बाहेर आल्या त्या सरळ स्टुलावर बसल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"काय झालं, आई?"

"सगळ्या बोल्टांवर रेघ आहे."

"मग चांगलंच आहे की."

"हे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे असतात. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलंच अडकतं. गाडी खाली बसत नाही आणि चार दिवसांत बुश फाटतात. तीस वर्षं पोरांना हेच सांगितलं मी. म्हणून तर मुद्दाम ढिले ठेवले होते." त्यांनी टॉर्च बाजूला ठेवला. "ठेवले होते असं वाटतंय. रेघ तर माझीच आहे. कधी ओढली ते आठवत नाही."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "सोन्या, जरा ये. किल्ली घेऊन टाक."

सोन्या आला. त्याचाच शब्द खरा ठरला होता, पण त्याचा चेहरा कुणी थोबाडीत दिल्यासारखा झाला. म्हणाला, "राहू दे आई, उद्या बघू."

"उद्या काय बघायचंय? तू म्हणत होतास तेच खरं."

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. बोल्ट सोडून पुन्हा आवळता येतील, गाडी पास होईल, सगळ्यांचं चांगलं होईल आणि मला काही सांगावं लागणार नाही. मनात आलं याची मला आजही शरम वाटते. पण आई अजून हातांकडेच बघत होत्या.

"तुम्ही नाही विसरलात," मी म्हणाले. "मी केलं. गुरुवारी. मला वाटलं तुम्हीच विसरलात, म्हणून आवळले आणि वर रेघाही ओढल्या."

आईंनी मान वर केली. "पुन्हा सांग."

"तुम्ही काही विसरला नव्हतात. अक्कल मी पाजळली."

"सोन्या, ऐकलंस?"

"ऐकलं."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण आईंना हसू आलं, आणि ते आवरेचना. त्यांनी डोळे पुसले तेव्हा गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी इथे स्वतःचं श्राद्ध घालायला बसले होते." मग एकदम मास्तरीण झाल्या. "माझी रेघ पुन्हा ओढलीस तर हात मोडीन. उद्या सकाळी नऊला तपासणी आहे. मोठा पाना आण. सोन्या, गाडीत बस."

"मी कशाला?"

"बोल्ट आवळताना आत माणसाचं वजन लागतं. बटाट्याच्या पोत्यासारखा बस आणि हलू नकोस."

तर विमा कचेरीतला मोठा साहेब दीड तास पोतं होऊन बसला होता. मी एकेक बोल्ट सोडत होते. शेवटचा सुटला तशी गाडी हळूच, दमलेल्या माणसासारखी, खाली बसली. आईंनी टॉर्चच्या उजेडात प्रत्येक बुश बोटाने चाचपला. एकही फाटलेला नव्हता. "वेळेत बोललीस," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः एकेक बोल्ट आवळला आणि प्रत्येकावर नवी रेघ ओढली, माझ्या रेघेच्या बरोबर शेजारी, जरा जाड.

रविवारी तपासनीस तोच होता. त्याने चाक धरून हलवलं. चाक हललं नाही. त्याने दुसरं धरलं, तिसरं, चौथं. मग कोपरा दाबून सोडला. गाडी खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली. तो गाडीखाली वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"कोणी केलं काम?"

"मी," आई म्हणाल्या. "मधे एकदा हिने बिघडवलं."

त्याने कागदावर सही केली. आराम करा असं काही यावेळी म्हणाला नाही.

शेजारची जागा मला मिळाली. सोन्या आधीच वर टाकीपाशी जाऊन उभा होता. झेंडा पडला आणि आईंनी गाडी अशी सोडली, की माझं डोकं मागे आपटलं. तिसऱ्या वळणावर रस्ता ठिगळाठिगळांचा आहे. पूर्वी तिथे गाडी बाजूला उडी मारायची आणि आई शिव्या देत तिला परत आणायच्या. यावेळी चाकं ठिगळांवरून धडधडत गेली आणि आम्ही दोघी वर जागच्या जागी. आईंनी वेग कमी केलाच नाही. पाचव्या वळणावर मी ओरडले, पण भीतीने नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. आई तोंड मिटून होत्या, फक्त हात चालत होते, नेमके तेवढेच.

दोन मिनिटं अकरा सेकंद. आईंची आजवरची सगळ्यात चांगली वेळ दोन मिनिटं चौदाची होती, तीही पन्नाशीतली. वेळ नोंदणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचला आणि मग स्वतःलाच खात्री नसल्यासारखा पुन्हा वाचला. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. आईंनी हेल्मेट काढलं. पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि तोंडभर हसू होतं.

सोन्या गर्दीतून पुढे आला. गाडीच्या दारापाशी येऊन वाकला.

"आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "गाडीबद्दल नाही. तुझ्याबद्दल."

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हिला कबूल करायला दोन दिवस लागले," त्या म्हणाल्या. "तुला वर्ष लागलं. असो, केलंस." त्याच्या गालावर त्यांनी हातमोज्यानेच थोपटलं. "आता बाजूला हो बघू. दुसरी फेरी बाकी आहे."