कानांची वजावट

कराचे कागद भरून देणाऱ्या मिस युनिसच्या दुकानात आम्ही दरवर्षी जातो. आमच्या गावातले पोलीस, तुरुंगातले शिपाई, बंबवाले, सगळे तिच्याकडेच येतात. अशा नोकऱ्यांना राज्य कोणकोणत्या सवलती देतं, ते तिला बरोबर ठाऊक असतं.

त्या वसंतात तिने माझ्या नवऱ्याच्या, बंबवाल्या ओव्हीडच्या, गणवेशाचा नि प्रशिक्षणाचा खर्च मांडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कोरली, ह्याच्या कानांचं काय? कामावर असताना शरीराचं काही नुकसान झालं असेल तर त्याची वेगळी वजावट मिळते. डॉक्टरचा दाखला हवा आणि तुमच्या चीफची सही."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" ओव्हीड म्हणाला.

"बाबा रे, कॉफी घेणार का म्हणून मी तीनदा विचारलं तुला," मिस युनिस म्हणाली.

मी हसले. ओव्हीड हसला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "सही मागायला गेलो की आमच्या बंबखात्याचे चीफ लेजे विचारणार, कशासाठी? सांगितलं की दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवतील. चार पैसे वाचवायला मी बंबावरून उतरू?"

"मी पैशांसाठी म्हणत नाहीये."

"मग कशासाठी?"

मी शेरिफच्या कचेरीत काम करते. लोकांचे तातडीचे फोन घ्यायचे आणि पोलिसांना, बंबवाल्यांना वायरलेसवरून निरोप द्यायचे. वीसेक वर्षं सायरन आणि पंपांच्या गोंगाटात काढून ओव्हीडचे कान गेले, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आगीच्या जागी सगळे सुखरूप आहेत ना, हे बघायला मी नाव पुकारलं की बाकीचे लगेच 'हो' म्हणत. त्याचा 'हो' उशिरा यायचा. कधी शेजारचा कुणी त्याला हलवायचा, मग यायचा.

चीफच्या कानावर मीच घालावं का? घातलं तर नवरा जन्मभर माफ करणार नाही. नाही घातलं तर... त्यापुढचा विचार मी करत नसे. घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि मी चीफकडे गेले नाही.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, तांदळाच्या गिरणीतून फोन आला. भात वाळवायच्या इमारतीने पेट घेतला होता. मी बंब रवाना केले. ओव्हीड आणि टेरेल अशी जोडी आत गेली. टेरेल आमच्या शेजारचाच, नुकतंच लग्न झालेला.

थोड्या वेळाने चीफ लेजेंचा आवाज आला, "छप्पर खचतंय. सगळे बाहेर!"

मी तोच हुकूम वायरलेसवर पुन्हा पुन्हा दिला. बाहेर पडायची खूण म्हणून गिरणीसमोर बंबांचे भोंगे वाजत होते. मग नियमाप्रमाणे एकेकाचं नाव घेतलं. एकेक 'हो' येत गेला.

"टेरेल?"

"बाहेर आहे."

"ओव्हीड?"

काहीच नाही.

"ओव्हीड, उत्तर दे."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला. "तू ऊठ, मी बघते." मी उठले नाही. माझा आवाज मलाच परका वाटत होता. नेहमीच्याच सुरात त्याचं नाव घेत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात टेरेल ओरडला, "मी त्याचा कोट ओढला होता! मला वाटलं, मागून येतोय!"

"टेरेल, थांब! आत जाऊ नकोस!" चीफ म्हणाले. टेरेल आत गेलाच.

त्यानंतर वायरलेसवर नुसती खरखर. माझ्या समोर दुसऱ्या फोनचा दिवा लागला. कुणा म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. मी त्याचा पत्ता विचारला, गाडी पाठवली, त्याच्या बायकोला धीर दिला. काय बोलले ते आज आठवत नाही.

मग चीफ म्हणाले, "दोघेही बाहेर आले. टेरेलला इस्पितळात न्यावं लागेल."

टेरेलच्या खांद्यावर तुळई पडली होती. ओव्हीडला खरचटलंही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून तो पाणी मारत बसला होता, भोंगे वाजताहेत याचा त्याला पत्ताच नव्हता.

आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा टेरेलची बायको दारातच उभी होती. ती ओव्हीडला म्हणाली, "काका, तुम्हाला खरंच ऐकू गेलं नाही?"

ओव्हीडने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, मी सावरून घेईन. मी मान खाली घातली.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांपासून जात नाही."

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. ती नुसती दारातून बाजूला झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे गेला, दाखला घेतला आणि मला घेऊन तसाच चीफ लेजेंकडे. चीफने सही केली आणि बंबाची किल्ली मागून घेतली. "तू मला आधी सांगायला हवं होतंस, ओव्हीड," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि तूसुद्धा."

मिस युनिसने मुदतीच्या आत अर्ज पाठवला. वजावट मंजूर होईल का, याची मला धास्ती नव्हती. टेरेलचा हात पूर्वीसारखा उचलला जाईल का, याची होती. तो आता उचलला जातो, पण खांद्याच्या वर नाही. पुढच्या वर्षी मिस युनिसने त्याचाही दाखला मागितला, तेव्हा ओव्हीड त्याच्यासोबत दुकानापर्यंत गेला आणि बाहेर गाडीतच बसून राहिला.

ओव्हीड आता गावातल्या दुकानांची आगीच्या दृष्टीने तपासणी करतो. कानात यंत्र आहे. चिडचिड करतो, विजेच्या उघड्या तारांवरून लोकांना रागावतो. वायरलेसवर मला आता त्याचं नाव घ्यावं लागत नाही. पण बंब निघाला की नावं मीच पुकारते, आणि शेवटचा 'हो' येईपर्यंत अजूनही समोरच्या पाण्याच्या पेल्याला हात लावत नाही.