आधी लागलेला शेवट

उसाच्या फडात शिरलेली वरात. ट्रम्पेटमध्ये अडकलेला लाडू. कापडी तंबू. पापडांखालचा गोल पत्र्याचा डबा.

हे सगळं माझंच आहे, मित्रांनो. मी एक जुना शेवट आहे. ‘वरात चुकली उसात’ नावाच्या, आता कुणालाच न आठवणाऱ्या सिनेमाचं शेवटचं रीळ. माझ्यात रुसलेला नवरदेव म्हशीवर बसून मांडवात येतो आणि लग्न लागतं.

भालकीत सिनेमाच्या तंबूत ग्यानबा मशीन चालवायचा. पहिल्या खेळाला बसनं मी एकटाच पोचलो; बाकीची रिळं मागच्या गाडीत राहिली होती. पब्लिक ओरडायला लागलं. ग्यानबानं घाबरून मलाच लावलं. पडद्यावर म्हशीवरचा नवरदेव आला. मग बायकांच्या कनातीमागून कुणीतरी खळखळून हसलं आणि सगळा तंबू हसत सुटला. पुढं बाकीची रिळं आली. पण लग्न लागणार हे आता ठाऊक होतं, त्यामुळं लोक भांडणांनाही पोट धरधरून हसले. तेव्हापासून भालकीत मी कायम आधीच लागायचो. बाकी गावांत सिनेमा पडला. इथून मात्र हलेना.

तंबू उठला. ग्यानबाही गेला. त्याच्या बायकोनं, राजूबाईनं, मला जपलं. माझ्या डब्यावर तिनं पापड ठेवले, पण डबा भंगारात दिला नाही.

यंदा मैलूरचे, जुन्या सिनेमांचा नाद असलेले प्रणेश सर भालकीच्या मंगल कार्यालयात तोच खेळ लावायला जुनं मशीन आणि बाकीची रिळं घेऊन आले. त्यांनी मला पुसलं, फाटलं तिथं चिकटवलं.

“अक्का, फार वाळलंय हे. एकदाच चालेल. सगळं क्रमानं लावतो, हे शेवटी.”

“कामून? आधी लगीन लाव की रे, अप्पा! लगीन हुतंय का न्हाई ह्या घोरात कुणी हसतंय व्हय?”

“अहो, शेवट आधी दाखवला तर उरतं काय?”

“हसायचं उरतंय! मला ह्यांच्या तंबूतलं हसू ऐकायचंय, बाबा. एकडाव.”

सरांनी कपाळाला हात लावला आणि मलाच मशीनवर चढवलं. मी थरथरत सुटलो. मध्येच तुटलो असतो, तर तिचं ते हसू कायमचं गेलं असतं. म्हैस मांडवात शिरली. मग राजूबाई हसली. तिच्यामागं पोरंटोरं, म्हातारे, सर, सगळेच. मी शेवटच्या अक्षतेपर्यंत टिकलो!

मित्रांनो, जुना डबा भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा. आत कुणाचं तरी हसू गुंडाळलेलं असतं.

पहिल्या खेळाला कनातीमागून हसली तीही राजूबाईच. तेव्हा तिचं ग्यानबाशी लग्न व्हायचं होतं.